भाऊजींच्या गावात राक्षस येत नाही

आमच्या भाऊजींनी श्रीवास्तवजींना धोबी केलं, तेव्हा धरणीनं मला पोटात घ्यावं असं झालं. श्रीवास्तवजी आमचे शेजारी, रिटायर्ड डेप्युटी कलेक्टर. आयुष्यभर माणसं त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. बिचारे चहाला म्हणून आले, सोफ्यावर टेकले, तोच भाऊजींनी त्यांच्या हातात एक फासा ठेवला आणि म्हणाले, "आप धोबी हैं. आपका गधा कल से गायब है."

"मैं राजा नहीं बन सकता?"

"राजा है ही नहीं हमारे यहाँ. धोबी की जगह ख़ाली है, सोच लीजिए."

मी पोह्यांवर सेव घालायची सोडून तशीच उभी राहिले. आणि श्रीवास्तवजींनी सोचून घेतलं की हो! बशी बाजूला सारून गाढव शोधायला निघाले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, प्रमोद. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आता रिटायर. लग्न केलं नाही. उज्जैनला नानाखेड्याच्या आमच्या घरात मागच्या खोलीत राहतात आणि जेवायला आमच्यात असतात. हा खेळ घरात आणला माझ्या मुलीनं, मुक्तानं. ती नोकरीला इंदूरला, रविवारी घरी येते. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक माणूस व्हायचं, आणि करायला गेलेलं काम जमलं की फसलं ते फासा टाकून ठरवायचं. मुक्ताच्या गोष्टीत तलवारबाज होते, जादूगार होते, आग ओकणारा राक्षस होता. भाऊजींना तिनं जादूगार केलं. ते थोडा वेळ खेळले आणि मग म्हणाले, "मुक्ते, या गावात पीठ कोण दळतं?"

"काका, तसलं काही नसतं यात."

"गाव आहे ना? मग दळण असणारच!"

झालं. पुढच्या रविवारपासून भाऊजींनी स्वतःचं गाव वसवायला घेतलं. त्यात धोबी, सुईण, गवंडी, पाणी भरणारी. हिरो एकही नाही. हिरो म्हटलं की भाऊजी तुसडेपणानं मान हलवतात. "हिरो वेळेवर पोचतो, वहिनी. तसली माणसं मी पाहिलेली नाहीत."

गावाचा नकाशा त्यांनी कशावर काढावा? माझ्या भैरवगढ़च्या, वेलबुट्टी छापलेल्या चादरीवर. पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवलेली, तिच्यावर मार्करनं! मी कपाळावर हात मारला, तर म्हणतात कसे, "वेल होतीच. मी फक्त तिची नदी केली." मला चक्कीवाली केलं. म्हटलं, अहो, मला थोडी तरी जादू द्या. घरी पीठ, गावातही पीठच का माझ्या नशिबी? त्यावर म्हणाले, "चक्की बंद पडली तर राक्षसाची गरजच काय? गाव असंच मरेल."

राक्षस म्हणाल, तर तो आजतागायत आलेला नाही. येणार येणार म्हणून ऐकतोय. पण आधी विहिरीतला गाळ निघायचा असतो, मग कुणाची तरी म्हैस अडते, मग सुईणीच्या मुलीचं लग्न निघतं. "राक्षस कब आएगा, मास्साब?" श्रीवास्तवजी आशेनं विचारतात. "आएगा. पहले गाँव तो बस जाए."

हे घरात चालतं तोवर ठीक. पण माझ्याबरोबर बाजारात आले की हे गृहस्थ फ्रीगंजच्या भर चौकात, रस्त्याच्या या बाजूनं त्या बाजूला ओरडतात, "धोबीजी, गधा मिला क्या?" आणि तिकडून एक्स डेप्युटी कलेक्टर खुशीत ओरडतात, "मिल गया! लँगड़ा रहा है!" माणसं माझ्याकडे बघतात. मी साड्यांच्या दुकानाकडे तोंड फिरवते, जशी काही मी यांच्यातली नाहीच. लाज म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

पण खरी लाज वेगळीच होती, आणि ती घरातच होती. आमचे हे आणि भाऊजी, सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते. नाना, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हापासून अबोला. जेवायला शेजारी शेजारी बसायचे आणि भाऊजी म्हणायचे, "वहिनी, दादाला सांगा, गॅसवाला येऊन गेला." हे कोशिंबिरीकडे बघत म्हणायचे, "ऐकलं म्हणावं." पाहुण्यांसमोर सुद्धा! मी दोघांमधला पोस्टमन. वीट आला होता मला.

नाना गेले ते श्रावणातल्या सोमवारी. भाऊजींना औषध आणायला पिटाळलं होतं. ते परतले तेव्हा सगळं आटोपलं होतं. "सवारीमुळे रस्ता बंद होता," एवढंच म्हणाले. खरंच, श्रावणी सोमवारी देवाची पालखी निघते, त्या सवारीच्या दिवशी उज्जैनमध्ये रस्ते बंद असतातच. पण घाटावर, सगळ्या नातेवाइकांच्या देखत, हे त्यांना म्हणाले, "शेवटपर्यंत तुझं नाव घेत होते ते." बस्स. त्यानंतर एक शब्द नाही.

तर एका रविवारी श्रीवास्तवजी मुलाकडे भोपाळला गेलेले. खेळाला माणूस कमी. "वहिनी, दादाला विचारा, कुंभाराची जागा रिकामी आहे." हे टीव्हीपुढेच होते. "त्याला सांग, मॅच आहे." आणि बोलतात न बोलतात तोच लाइट गेली. मुक्तानं हाताला धरून बापाला चादरीशी बसवलं. भाऊजींचा एक नियम आहे, खेळात गावातल्या माणसासारखंच बोलायचं. त्यामुळे कुंभार बोलला तरी हे बोलले असं होत नव्हतं. ती पळवाट दोघांनाही मानवली असावी. हे मडक्यांच्या भावावरून चक्क भाऊजींशी हुज्जत घालायला लागले. मी श्वास रोखून दळत होते.

मग भाऊजी म्हणाले, "कुंभाराचा बाप आजारी पडला. धाकट्या भावाला औषधाला पाठवलंय, पलीकडच्या गावात."

"धाकटा भाऊ कोण होणार?" मुक्तानं विचारलं.

"मी."

यांचा चेहरा दगडासारखा. मुक्तानं फासा पुढे केला. "टाक काका. वेळेवर पोचतो का बघू."

"याला फासा नको. उशीरच झाला."

"का?" कुंभारानं विचारलं.

"रस्ता बंद होता."

"खोटं."

"हो, खोटं," भाऊजी म्हणाले. मान खाली, आवाज इतका बारीक की मी पुढे सरकले. "रस्ता होता. पालखी येताना दिसली. ढोल वाजत होते, लोक फुलं टाकत होते. औषध खिशात होतं. म्हटलं, एवढी पुढे गेली की निघू. आणि बघत उभा राहिलो. शेवटपर्यंत. मला लाज वाटते, दादा. तोंड दाखवायची लाज वाटते."

खेळ कुठे संपला ते मुक्तालाही कळलं. तिनं फासा मुठीत घेतला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणावर ते मात्र ठरेना. नवऱ्याकडे बघितलं तर त्यांचे कान लाल झालेले. मला वाटलं, आता हे उठून जाणार आणि हा अबोला माझ्याबरोबर चितेवरच जाणार.

हे उठले नाहीत. कुंभाराच्याच आवाजात बोलायला गेले, पण तो आवाज निघेना.

"म्हातारा कुणाचंच नाव घेत नव्हता," ते म्हणाले. "झोपेतच गेला. हाक नाही, काही नाही. तू नव्हतास, मी एकटाच होतो, आणि मला काय करावं ते सुचेना. त्याचा राग तुझ्यावर काढला. मग सांगायचीच लाज वाटत गेली."

अरे देवा! मी त्या वेळी बाहेर डॉक्टरांना फोन लावत होते. यांनी सांगितलं तेच मी खरं धरून चालले होते. या माणसाशी इतकी वर्षं संसार केला मी!

भाऊजींनी वर बघितलं. "हाक मारली नाही?"

"नाही रे, प्रम्या."

"मला रोज ऐकू येते."

भाऊजी उठले, तसे हेही गुडघ्यावर हात टेकत उठले. भावाच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, पण इतक्या वर्षांची सवय मोडलेली, जमेना. हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी भाऊजींच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि वरचं बटण लावून दिलं. आणि साठी उलटलेले आमचे भाऊजी, शाळेत निघालेल्या पोरानं उभं राहावं तसे, हनुवटी वर करून मुकाट उभे राहिले.