निरोगी कड मिळेपर्यंत

"बाबा, तुम्ही अगदी निर्धास्त जा! काचेखाली आलेली कुठलीही गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही!"

असं छातीठोकपणे सांगणारी सूनबाई काही साधीसुधी नव्हती. ती पॅथॉलॉजिस्ट होती. सर्जन लोक माणसाच्या अंगातून जे जे कापून काढतात ते बरणीत बसून हिच्याकडे येतं, त्याचे कागदाहून पातळ काप होतात, ते रंगवले जातात, आणि मग ही मायक्रोस्कोपला डोळा लावून सांगते की हे चांगलं की वाईट. तिने 'वाईट' म्हटलं की भलेभले सर्जन खुर्चीत सरळ बसतात. घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. नवराही डॉक्टर होता, पण दातांचा, त्यामुळे त्याला घरात कोणी डॉक्टर म्हणत नसे.

सासरेबुवा लेकीकडे राहायला निघाले होते. बॅग दारात, रिक्षा फाटकात, पण पाय काही दिवाणखान्यातून निघत नव्हता. कारण होती त्यांची टाकी. खाऱ्या पाण्याची, निळ्या दिव्यांची, कपाटाएवढी लांब. तिच्यात मधोमध खडकावर एक जांभळं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ होतं. आणलं तेव्हा नखाएवढं होतं, आता चांगलं फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं झालं होतं. सासरेबुवा त्याला 'राणी' म्हणत. सासूबाई 'माझी सवत' म्हणत.

"नुसतं बघायचं," सासरेबुवा तिसऱ्यांदा म्हणाले. "हात घालायचा नाही. काही वाटलं तर मला फोन कर."

"बाबा, मी आहे ना!" नवरा म्हणाला.

"म्हणून तर हिला सांगतोय," सासरेबुवा म्हणाले आणि रिक्षात बसले.

डॉक्टरीणबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासरे तिच्याशी 'आलीस?' आणि 'जेवलीस?' यापलीकडे फारसे बोलले नव्हते. आज त्यांनी पोटच्या मुलाला डावलून राणी तिच्या हवाली केली होती! आता राणीला खरचटलं तरी परत 'आलीस-जेवलीस'वर यायला वेळ लागणार नव्हता.

दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्याआधी ती टाकीसमोर उभी राहिली आणि काचेला नाक लावून खाली वाकली. राणीच्या खालच्या फांद्यांवर फिकट ठिपके दिसत होते. गोल गोल. कोणीतरी बारीक तोंडाने चावे घेतल्यासारखे.

"काल हे नव्हतं," ती म्हणाली.

"काल तू बघितलं नसशील," नवरा बूट घालता घालता म्हणाला.

"मी बघितलं नसेन? मी?"

नवऱ्याने बुटाची नाडी सोडून टाकीशी धाव घेतली. संसाराचा अनुभव होता. त्याने डोळे बारीक केले, मान वाकडी करून खालून बघितलं आणि म्हणाला, "हिरडीपाशी कीड लागलीय."

"तो जबडा नाहीये!"

"तुझ्यासाठी नसेल. मला सगळं जबड्यासारखंच दिसतं."

सासऱ्यांना फोन करायचा तर ते पुढच्या गाडीने परत येतील, नणंदेचा हिरमोड होईल, आणि वर 'निर्धास्त जा' म्हणून दिलेल्या शब्दाचं काय? शोभेच्या माशांच्या दुकानदाराला विचारायचं तर तो सासऱ्यांचा जानी दोस्त. इकडे प्रश्न विचारला की तिकडे फोन वाजलाच म्हणून समजा! तेव्हा रोगनिदान घरच्या घरीच करायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी रजा टाकली, कॉलेजातला जुना मायक्रोस्कोप माळ्यावरून काढला, राणीच्या बुडाशी पिचकारी मारून तिथलं पाणी ओढून घेतलं, त्यातला एक थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

"आई गं!" ती किंचाळली.

सासूबाई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आल्या. "काय झालं?"

"हलतंय!"

"काय हलतंय?"

"सगळंच हलतंय!"

तिचंही बरोबर होतं. तिच्या कामात काचेवरची गोष्ट कधी हलत नाही. जे येतं ते शांत, रंगवलेलं आणि चिकटवलेलं. इथे म्हणजे बसस्टँड होता! कोणी मिशा फिरवत पोहत होतं, कोणी वेटोळं घालत होतं, कोणी दुसऱ्याच्या पाठीवर बसून फुकट प्रवास करत होतं. यातला गुन्हेगार कोण आणि येणारा-जाणारा कोण?

पण बाई हुशार होती. पुस्तकं उघडली, चित्रं ताडून पाहिली, एकेकाला निर्दोष सोडलं, आणि दुपार कलताना एक चपटा, जवळजवळ पारदर्शक जंत मुद्देमालासह सापडला. मुद्देमाल त्याच्या पोटातच दिसत होता: राणीच्या अंगाचे रंगीत कण!

"प्रवाळ खाणारा चपटा जंत," ती म्हणाली, आणि क्षणभर तिला फार बरं वाटलं. मग उपचार वाचले आणि ते बरं वाटणं गेलं. प्रवाळ बाहेर काढायचं, आयोडीनच्या पातळ औषधात बुडवायचं, पिचकारी मारून जंत पाडायचे. अंडी मात्र औषधाने मरत नाहीत. ती बुडाशी चिकटलेली असतात, खरवडावी लागतात.

"म्हणजे हात घालायचा," नवरा म्हणाला.

"नाही घातला तर ते तिला खाऊन टाकतील!"

"आणि घातला तर बाबा आपल्याला."

तरी बिचाऱ्याने दवाखान्यातून हत्यारांचा ट्रे आणला. राणी खडकाला घट्ट चिकटली होती. त्याने बाह्या सरसावल्या, दाढा काढायचा चिमटा घेऊन हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला, आणि सवयीने म्हणाला, "जरा आ करा."

"कोणाला सांगतोयस?"

"तोंडातून निघून गेलं. थोडं दुखेल हं, घट्ट आहे..."

कट्! असा आवाज झाला. तो आवाज डॉक्टरीणबाईंना टाचेत ऐकू आला. राणी बाहेर आली खरी, पण दोन भागांत.

"तुटली!"

"तुटली नाही, निघाली," नवरा म्हणाला. "बहुमुळी होती."

दोन्ही भाग सासूबाईंच्या कणीक मळायच्या परातीत टाकीच्याच पाण्यात ठेवले. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बुड पाहिलं. बुडाशी तपकिरी अंडी होती! आता अंडी म्हटल्यावर तिच्या डोक्यातली जुनी चक्रं फिरली. तिच्या शास्त्रात वाईट भाग दिसला की तो कापायचा, पण तेवढाच नाही. भोवतालची निरोगी कड मिळेपर्यंत कापत जायचं. सर्जनांना तिने जन्मभर हेच सुनावलं होतं.

"इथून काप," ती म्हणाली. नवऱ्याने कापलं. तिने भिंग लावलं. "कड साफ नाही. अजून."

"अजून?"

"इथे डाग आहे. अजून!"

"अगं, आता फांदीच राहिली!"

"ह्या फांदीच्याही खाली शंका आहे."

डॉक्टरीणबाईंची एक शंका आणि नवऱ्याचा एक 'कट्' असं करत करत परातीत राणी मावेनाशी झाली. म्हणजे आकाराने लहान होत गेली, पण संख्येने वाढत गेली. शेवटी नवऱ्याने चिमटा खाली ठेवला. "डॉक्टर, पेशंट आता ट्रेमध्ये जास्त आणि परातीत कमी आहे."

ती भानावर आली. समोर जांभळ्या काड्यांचा ढीग पडला होता. तिने तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं जपलेली, नखाएवढीची वाढवलेली राणी! आणि ह्या गड्ड्याची तिने भाजीसारखी चिराचिरी केली होती!

नेमका तेव्हा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. सासरेबुवा!

नवऱ्याने फोन पकडला आणि छताकडे धरला. "बाबा! कसे आहात?"

"तू पंखा का दाखवतोयस? राणी दाखव."

"राणी... म्हणजे ती आत्ता..."

डॉक्टरीणबाई परातीसमोर थिजून उभी. तेव्हा सासूबाईंनी लाटण्याच्या हाताने फोन ओढून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमची राणी आंघोळीला गेलीय."

पलीकडे सासरेबुवा खो खो हसले. "सवतीला घातलीस ना शेवटी पाण्यात! बरं, मी परवा येतोय. करमत नाहीये."

फोन बंद झाला. सासूबाई परातीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "खोटं बोलले का मी? आता बाहेर काढा तिला. थंडी वाजेल."

मग जी धांदल उडाली! तुकडे औषधात बुडवले, पिचकारी मारली, आणि खरोखरच चपटे जंत पाण्यात टपाटप पडले. पण आनंद करायला वेळ कोणाला होता? नवऱ्याने कधीतरी काढलेला राणीचा जुना फोटो मोबाइलवर मोठा केला आणि दोघं ते जांभळं कोडं जुळवायला बसली. ती तुकडा पुसून देई, तो गोंद लावून खडकावर बसवी.

"ही फांदी डावीकडची!"

"फोटोत डावीकडची की समोरून डावीकडची?"

"उलटी लावलीस! टोक वर!"

"राहू दे, जबड्यात वरचे दात उलटेच असतात!"

गोंद बोटांना लागला, बोटं एकमेकांना लागली, एक फांदी नवऱ्याच्या अंगठ्यालाच चिकटली आणि ती सोडवताना तो आपल्या पेशंटांसारखाच कण्हला. संध्याकाळी खडकावर जे उभं राहिलं ते राणीसारखं दिसत होतं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. वादळानंतरच्या कुंपणासारखं दिसत होतं.

पुढचे दोन दिवस डॉक्टरीणबाईंनी टाकीसमोर खुर्ची टाकली. प्रवाळ म्हणजे हजारो बारीक जीव. ते ठीक असले की इवलेसे हात बाहेर काढतात. इथे एकही हात बाहेर येईना. सगळे तुकडे चिकट, मिटलेले. आणि मागच्या बाजूला, खडकाच्या सावलीत, एक बुटका तुकडा तर पार पांढराफटक पडला होता. निळ्या उजेडात तो एकटाच चकाकत होता. अंगावर मांसाचा कण राहिला नव्हता. बाकीच्यांचंही असंच होणार का? तिने त्याच्याकडे पाण्याचा प्रवाह वळवला, पिचकारीने त्याला वेगळं आयोडीन दिलं, खाऊ घातला. फरक शून्य.

"हा गेला," ती म्हणाली.

बोलल्याप्रमाणे त्या दुसऱ्या दिवशी दुपारी सासरेबुवा आले. बॅग दारात ठेवली आणि सरळ टाकीशी. सासूबाईंनी पंखा लावला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं. जंत, अंडी, परात, कड. एक शब्द लपवला नाही.

सासरेबुवांनी चष्मा पुसला. "किडा बरोबर ओळखलास," ते म्हणाले.

तिने रोखलेला श्वास सोडला.

"औषधही बरोबर दिलंस."

तिची मान किंचित ताठ झाली.

"पण अंडी बुडाच्या मेलेल्या भागावर असतात गं. तेवढं खरवडलं की झालं. डोक्यात उवा झाल्या म्हणून तू कंगवा फिरवलास तो ठीक. पण मग डोकं कशाला उतरवलंस?"

नवरा हसला. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

"बाबा, ती वाचेल का?"

सासरेबुवा खुर्ची ओढून बसले. तीही शेजारी बसली. बराच वेळ दोघं नुसती बघत राहिली. दिवे मंद व्हायची वेळ झाली, आणि एका फांदीवर, अगदी टोकाला, धुकं धरावं तसं काहीतरी फुटलं. बारीक बारीक हात! मग शेजारच्या फांदीवर. मग त्या उलट्या लावलेल्या फांदीवरसुद्धा!

"अहो, बघा तरी!" डॉक्टरीणबाई ओरडली आणि कोणाला 'अहो' म्हणाली तिचं तिलाच कळलं नाही.

"तुटण्याने ही मरत नाही," सासरेबुवा म्हणाले. त्यांचाही आवाज जरा ओला होता. "समुद्रात वादळात अशीच तुटते आणि पसरते. चार वर्षांनी इथे जंगल होईल. दर आठवड्याला सगळ्यांना औषधात बुडवायचं मात्र, अंडी फुटून संपेपर्यंत. माझ्याबरोबर बसशील ना?"

"बसेन!" ती म्हणाली. मग धीर करून तिने मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "पण बाबा, तो एक नाही वाचला. त्याला मी सगळ्यात जास्त औषध दिलं. काय चुकलं असेल?"

सासरेबुवा उठले, वाकले, भिंग लावलं. सरळ झाले. पुन्हा वाकले. मग मुलाला म्हणाले, "इकडे ये. हा पेशंट तुझ्या ओळखीचा वाटतो."

नवऱ्याने भिंगातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा! ही तर गाण्याच्या क्लासवाल्या बाईंची कॅप! खालच्या दाढेची! ट्रेमध्ये होती, परवापासून दवाखानाभर शोधतोय! त्या उद्या सकाळी बसवून घ्यायला येणारेत!"

डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस रात्रंदिवस शुश्रूषा केलेल्या त्या दाढेकडे पाहिलं. दाढ निळ्या उजेडात छान चकाकत होती.

"त्यांना नवी करून दे," सासरेबुवा म्हणाले. "ही राहू दे इथेच. सूनबाईंनी एवढं आयोडीन पाजलंय, हिला काही जन्मात कीड लागायची नाही!"