दळवीकाका आणि कागदावरचा नफा

माझ्या बढतीचे पेढे घेऊन मी दळवीकाकांकडे गेलो, तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आधी त्यांनी विचारलं, "हातात किती वाढले?" आकडा ऐकून त्यांनी अर्धा पेढा परत ठेवला.

करी रोडच्या आमच्या टॉवरमध्ये काका सातव्या मजल्यावर एकटे राहतात. तरुणपणी ते एका गिरणीत हिशेब लिहायचे. वहीत नफा असायचा आणि पगाराच्या दिवशी तिजोरी रिकामी. तेव्हापासून नफा या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. कंपन्यांचे वार्षिक अहवाल ते मागून वाचतात. पुढच्या पानांवर अध्यक्षांचे फोटो असतात, ते त्यांच्या मते डोळ्यांना बरे नाहीत.

शेजारी परेराबाई, निवृत्त शिक्षिका. पेन्शन तुटपुंजी. सगळी पुंजी पंखे बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये होती आणि दरवर्षीच्या लाभांशावर घर चालायचं. एकदा काकांनी त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. मीही होतो.

"बाई, शेअर विका."

"का? नफा वाढलाय. पेपरात आलंय."

"पंखे दुकानदारांना उधार दिले, बिल फाडलं, नफा लिहिला. पैसे आलेच नाहीत. तुमचा लाभांश कर्ज काढून देतायत. उसने आणून ओवाळणी घालायची, ती किती वर्षं घालणार?"

परेराबाईंनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. "दळवी, तुम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही," असं म्हणून त्या पाचव्या मजल्यावरच उतरल्या आणि उरलेले दोन जिने चढून गेल्या.

बोलणं बंद झालं. काकांनी मग त्याच कंपनीचा एक शेअर घेतला. का, तर भागधारकाला वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. सभा ऑनलाइन होती. मी लॅपटॉप लावून दिला, काकांनी कोट चढवला.

"नफा दिसला. त्यातले वसूल किती झाले?"

"उत्तम प्रश्न. ईमेलने कळवू," असं उत्तर आलं. ईमेल काही आला नाही.

दोन वर्षांनी लाभांश बंद झाला आणि शेअर कोसळला. काका आता "मी म्हटलं नव्हतं?" कधी म्हणतात, याची अख्खी विंग वाट बघत होती. ते परेराबाईंची बेल वाजवतायत हे बघून मी धावत मागे गेलो.

बाई दारात ताठ उभ्या होत्या.

"बाई, मीपण बुडालो," काका म्हणाले. "माझेही होते त्यात."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"तुम्हीसुद्धा?" बाईंचा चेहरा एकदम सैल पडला. त्यांनी काकांना हाताला धरून आत बसवलं, चहा टाकला, बशीत केक ठेवला. "इतकं मनाला लावून घेऊ नका, दळवी. माणूसच चुकतो." आणि त्यांनी काकांच्या पाठीवरून हात फिरवला.

काका मान खाली घालून बसले होते. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. काका दारातच "ठीक आहे, मी ठीक आहे" म्हणाले, आणि आम्ही ते खरं धरून घरी परतलो होतो.