पाच हजार वॅट आणि ओवीची झोप

होम थिएटर घरात आलं तेव्हा वैदेही जेवत होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण मांडीवर कोणी नसताना, बसून, गरम भात खायची तिला दिवसातून एकच वेळ मिळायची, दुपारी दीड ते अडीच. तेवढा तास दहा महिन्यांची ओवी पंख्याखाली झोपायची. पंखा थांबला की चौथ्या मिनिटाला डोळे टक्क उघडे. महाडचा मे महिना, चहूकडून डोंगर, पान हलेल तर शपथ. त्या बाळाचं तरी काय चुकत होतं?

रुचिरने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, खोकं पाय न वाजवता आत आणलं. तो हायस्कूलात इतिहास शिकवायचा आणि सुट्टी लागून चारच दिवस झाले होते.

"पाच हजार वॅट," तो कुजबुजला. "आमच्या दासगावच्या पीटीच्या सरांकडे तीन हजाराचं आहे."

"एवढ्याशा खोलीत पाच हजाराचं करायचं काय?"

"कमी नको पडायला."

'वॅट' हा शब्द कानावर पडताच आतल्या खोलीतून दत्तोपंत उठून आले. वैदेहीचे सासरे एकतीस वर्षं वीज मंडळात कारकून होते. आकडा छापील असला की तो त्यांना देवासारखा. सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेलेल्या, त्यामुळे त्यांना आवरणारंही कोणी नव्हतं. चष्मा लावून त्यांनी खोकं चारी बाजूंनी वाचलं.

"रुचिर, आपल्या घराचा मंजूर भार किती?"

"असेल काहीतरी, अण्णा."

"एक किलोवॅट. म्हणजे हजार. आणि तू आणलंस पाच हजार."

"तसं नसतं ते, अण्णा. ते पीएमपीओ असतं. म्हणजे एखाद्या क्षणापुरतं तेवढं."

"क्षणापुरती लाच घेतली तर ती लाच नसते का?"

यावर इतिहासाच्या शिक्षकाने खोकं उघडायला घेतलं. दत्तोपंतांनी नियम केला: भारवाढीचा अर्ज मंजूर होईपर्यंत होम थिएटर लागलं की टीव्ही सोडून घरातलं बाकी सगळं बंद. फ्रीज बंद, मिक्सर बंद, पंखा बंद. संध्याकाळी त्यांच्या बातम्या असायच्या, तेव्हा रुचिरच्या वाट्याला दुपार आली. दीड ते अडीच.

पुढचे चार दिवस वैदेही उभ्याने जेवली. एका कडेवर ओवी, दुसऱ्या हातात घास, आणि बाहेरच्या खोलीत सिनेमातले घोडे, तोफा, विमानं. फ्रीज परत लावायचा राहून दूध दोनदा नासलं.

"अहो, हे दुकानात परत नाही का करता येत?"

"अख्ख्या स्टाफरूमला सांगून बसलोय मी, वैदेही."

पाचव्या दिवशी दत्तोपंतांना वाटलं, भारवाढीच्या अर्जाला जोडायला प्रत्यक्ष वापर बघून ठेवावा. त्यांनी घरातलं सगळं बंद केलं, होम थिएटर पूर्ण आवाजात लावायला सांगितलं आणि घड्याळ घेऊन ओटीवरच्या मीटरसमोर जाऊन बसले. भिंती थरथरल्या, फडताळातल्या वाट्या वाजल्या. मीटरमधली चकती मात्र वरंध घाट चढणाऱ्या एसटीसारखी रखडत रखडत फिरत होती.

दहा मिनिटांनी दत्तोपंत आत आले. चेहरा पांढरा.

"मीटर मंद आहे."

"काय?" रुचिरने आवाज कमी केला.

"पाच हजार वॅट चालू असताना चकती भिरभिरायला हवी. ही रांगतेय. म्हणजे इतकी वर्षं आपण मंडळाची वीज फुकट वापरतोय. मी. मंडळाचा माणूस."

रुचिरने तोंड उघडलं आणि मिटलं. वैदेहीच्या ते लक्षात आलं, पण ओवीने त्याच वेळी तिचं मंगळसूत्र ओढलं आणि विचारायचं राहिलं.

दत्तोपंतांनी स्वतःच्याच मीटरविरुद्ध स्वतःच तक्रार केली. दुसऱ्या दिवशी मंडळाचा वायरमन किशोर सायकलवरून हजर झाला. गडी शिवथरचा, दत्तोपंतांना अजून साहेब म्हणणारा.

"साहेब, मीटर मला तं बरा दिसतो."

"तुला दिसून काय उपयोग? तपासणीला ने."

"नेतो. पन बदली मीटर नाय हो आता. शिल्लक व्हते ते पोलादपूरला गेले. तीन-चार दिस जातील." त्याने आवाज उतरवला. "तवर डायरेक जोडून देतो. कोन बघतंय?"

"मी बघतोय," दत्तोपंत म्हणाले.

किशोरने वैदेहीकडे बघितलं. वैदेहीने छताकडे. पंखा हळू होत होत थांबला.

पहिल्या दुपारी ओवी दीडला रडायला लागली ती चारपर्यंत. वैदेही तिला घेऊन ओटी, मागची पडवी, परत ओटी अशी फिरत राहिली. सासऱ्यांना उलट बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती ओवीलाच म्हणाली, "रड हो बाई. प्रामाणिक माणसांच्या घरात आलीस, रडायलाच हवं."

पलीकडच्या खोलीत दत्तोपंतांनी ते ऐकलं. थोड्या वेळाने ते जुन्या फाइलचा पुठ्ठा घेऊन आले, मांडी घातली आणि नातीला मागून घेतलं. वारा घालता घालता गाणं काही सुचेना, म्हणून त्यांना पाठ होतं ते म्हणू लागले. "शून्य ते तीस युनिट... एकतीस ते शंभर... त्यापुढे..." तीनशे युनिटांच्या आत ओवी झोपली.

चौथ्या दिवशी किशोर मीटर घेऊन आला. "बेस चालतोय, साहेब. काय पन दोष नाय." मीटर लावून तो हात पुसत आत आला. "कंचं यंत्र म्हन्ता ते?" त्याने होम थिएटर फिरवून पाठीमागची पट्टी वाचली. "ह्ये काय, साहेब, साठ वॅट. पंख्याएवडंच खातंय की."

दत्तोपंतांनी पट्टी स्वतः वाचली. तीही छापील होती.

"मग खोक्यावर?"

"खोक्यावर काय, कोन पन काय पन लिवतंय."

वैदेही रुचिरकडे बघत होती. रुचिर आश्चर्य वाटल्यासारखं करायला विसरला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्याच दिवशी वाचलं," तो पुटपुटला. "पण पाच हजार सांगून झालं होतं सगळ्यांना."

तिने चार दिवसांचे लंगोट बादलीसकट त्याच्या पुढ्यात ठेवले.

दीड वाजला. पंखा पुन्हा गरगरू लागला. वैदेहीने ओवीला त्याखाली ठेवलं, ताट वाढलं, पहिला घास उचलला आणि ओवीने भोकांड पसरलं. थोपटून झालं, पंखा पाचवर करून झाला. ओवी मान वळवून वळवून कोणाला तरी शोधत होती. शेवटी दत्तोपंत पुठ्ठा घेऊन आले.

"शून्य ते तीस युनिट..."

डोळे मिटले. त्यांनी हात थांबवला. डोळे उघडले. त्यांनी हात चालू केला.

लंगोट वाळत घालून आलेल्या रुचिरने दारातून खुणेने विचारलं, लावू का? दत्तोपंतांनी मान डोलावली. त्याने आवाज अगदी तळाला नेऊन गाणी लावली. पुठ्ठ्याच्या फडफडीबरोबरसुद्धा ती नीट ऐकू येत होती.

"आता मीटर बघून ये," दत्तोपंत कुजबुजले.

रुचिर जाऊन आला. "पंख्यापुरताच फिरतोय. एवढ्या आवाजाने काही फरकच पडत नाही."

"म्हणजे घराला लागतो तो एक वॅट. बाकीचे स्टाफरूमला." त्यांनी पुठ्ठा डाव्या हातात घेतला, उजवा हात झटकला. "वैदेही, माझा चहा दोनला असतो बरं का."

"हो अण्णा," वैदेही पाटावर नीट सरकून बसत म्हणाली. "ती उठली की देते."