सरदाराचे दात

सृष्टीनं ठरवूनच टाकलं होतं, जगातल्या तमाम किडक्या दातांचं भलं आता म्हसवडातूनच होणार!

ती सांगलीच्या कॉलेजात दातांची डॉक्टर होत होती, शेवटच्या वर्षाला. रूट कॅनाल करताना दाताच्या मुळातली पोकळी जंतुनाशकानं धुतात. त्याला वास कसा, तर फरशी पुसायच्या औषधासारखा! त्याऐवजी बाभळीची साल नि कडुलिंबाचा पाला वापरला तर? सुट्टीत घरी येऊन तिनं आईच्या लोखंडी कढईत अर्क आटवला. उद्या तो मॅडमना द्यायचा होता. सगळा प्रबंध त्या एका बाटलीवर!

बाटली ओट्यावर ठेवून ती लिंबाखाली कलंडली. ऊन पानांतून गाळून येत होतं. डोळे मिटले... तर सगळा माण तालुका ढगांवर आ वासून बसलेला! नि ती एकेकाच्या दाढेच्या मुळाला झारीनं पाणी घालतेय. दाढांना पालवी फुटतेय, सुळ्यांवर चिमण्या बसतायत...

तोंडावर ऊनऊन श्वास आला. समोर सरदार! तिच्या वडलांचा, कोंडीबांचा, लाडका मेंढा. खालचा ओठ लोंबलेला नि दात जांभळं खाल्ल्यासारखे काळे.

"आप्पा! ह्याच्या दातांना काय झालं?"

"उद्या बाजार हाय न्हवं? गिऱ्हाईक पयलं तोंड उघडून बघतंय. म्हणलं, पोरीचं औषीद लावू, चकाकत्याल!"

"कितीसं लावलं?"

"समदं! तूच म्हणलीस, मुळापतूर गेलं पायजे."

"समदं? अहो आप्पा!"

"त्येला इचारून लावलं, बाय. त्यानं मुंडी हलवली."

सरदारानं तृप्त ढेकर दिली. उरलेला अर्क कुठं गेला ते कळलं.

असले दात बघून कोण घेणार, म्हणून सरदार बाजाराला गेलाच नाही. आप्पांचं तोंड मात्र फारसं पडलेलं दिसेना. पहाटेपासून त्याला कुरवाळत बसले होते.

सृष्टी रिकामी बाटली नि मोबाईलमधला एक फोटो घेऊन सांगलीला पोचली. मॅडमनी फोटो जवळ नेला, लांब नेला.

"जंतू मेले?"

"माहीत नाही, मॅडम."

"मग सिद्ध काय झालं?"

"दात काळे पडतात."

"हे पुढं एखाद्या नवरीच्या दातावर कळलं असतं तर? बरं झालं!" मॅडम हसल्या. मग चष्मा सावरून म्हणाल्या, "पण काय गं, पेशंटची संमती घेतली होतीस ना?"

सृष्टीनं फोटोतल्या सरदाराकडं पाहिलं.

"मुंडी तर हलवली होती, मॅडम."