बारावी झाली काय?

सामना संपायला चार मिनिटं उरली, की आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचे कोच घरत सर माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "मॅडम, बारावी झाली काय?"

स्कोअर काय झालाय, कुणाला किती फाऊल लागलेत, कुणाचा पाय मुरगळलाय, यातलं काहीही त्यांना त्या वेळी नको असतं. टीममध्ये बारा मुली. पाच मैदानात, सात बाकावर. बाराच्या बारा जणी मिनिटभर का होईना, आत उतरून आल्या, की सरांच्या भाषेत 'बारावी झाली'. मग सर शांत. नाही झाली तर ते बाकासमोर अशा येरझाऱ्या घालतात, की बाकावरच्या मुलींना सामनाच दिसत नाही.

मी या टीमची मॅनेजर. शिकवते मराठी. मुलींबरोबर एखादी शिक्षिका जायलाच हवी असा नियम आहे, आणि मराठीच्या वर्गातली पटसंख्या पाहता मला वेळच वेळ असतो असं प्राचार्यांचं मत आहे. ओळखपत्रं सांभाळायची, पाण्याच्या बाटल्या मोजायच्या आणि कोण आत गेलं, कोण बाहेर आलं हे वहीत लिहायचं, हे माझं काम. म्हणजे आमचा सगळा कोचिंग स्टाफ मिळून दोन माणसं, त्यातल्या एकीला बॉलची भीती वाटते.

बारावीचा हा अर्थ मला फार उशिरा कळला. तोवर मी एक घोळ घालून ठेवला होता. स्टाफरूममध्ये एकदा कुणाच्या तरी मुलाच्या निकालाचे पेढे वाटणं चाललं होतं. घरत सर कोपऱ्यात बसून भाकरी आणि सुकट खात होते. पेढा हातात घेऊन ते सहज म्हणाले, "माजी तर बारावी झालीच नाय कदी."

माझ्यातली शिक्षिका विरघळली. मी आठ दिवसांत त्यांच्यासाठी बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आले. "शिक्षणाला वय नसतं, सर. मराठीचं मी बघते, इंग्रजीला मार्गदर्शक आणू," असं चांगलं पाच मिनिटं बोलले. सरांनी फॉर्म उलटून पालटून पाहिला, "थँक्यू हां मॅडम," म्हणाले आणि घडी घालून खिशात ठेवला. पुढे त्याच फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर मला कोर्टाची आकृती आणि बाण काढलेले दिसले. तोपर्यंत कँटीनवाल्यापर्यंत सगळ्या कॉलेजला घरत सर बारावी नापास असल्याचं कळलेलं होतं. ते बी.ए. आहेत हे कुणीतरी सांगितलं तेव्हा मी जराशी दचकले, पण विचारायला गेले नाही. आपल्याकडे काहीही होऊ शकतं.

सर मूळचे बेलपाड्याचे. खाडीकाठी वाढल्यामुळे त्यांच्या बास्केटबॉलला मासळीचा वास आहे. बॉल कसा धरायचा? "पापलेट धरल्यावानी. दाबला तर कामातना गेला." समोरचीला अडवताना पाय कसे टाकायचे? "चिंबोरी बगितली ना? ती कदी सरल जाते काय? आडवी जा, आडवी." आमच्या मुली अंबरनाथपासून आणि डोंबिवलीपासून येतात, त्यांतल्या काहींनी चिंबोरी फक्त ताटात पाहिलेली. पण आठवड्याभरात सगळ्या आडव्या चालायला लागतात.

एकदा एका सामन्यात पुण्याकडच्या पंचांनी खेळ थांबवून सरांना ताकीद दिली. समोरच्या टीमच्या उंच मुलीला ते सारखं 'चिंबोरी, चिंबोरी' म्हणतात अशी तक्रार होती. सरांनी माझ्याकडे बोट केलं. "मराठीच्या मॅडम हायेत आमच्याकडं, त्यानला विचारा." मग मी भर मैदानात उभी राहून, चिंबोरी म्हणजे खेकडा, ही शिवी नसून सूचना आहे आणि ती आमच्याच मुलींना आहे, असं स्पष्टीकरण दिलं. पंचांनी ते ऐकून घेतलं आणि 'मग मराठीत खेकडा म्हणा' असा सल्ला दिला. एम.ए.ला भाषाशास्त्र घेतल्याचा मला झालेला हा एकमेव उपयोग.

लिंबू सरबत वाटायची सरांची रीतही उलटी. बारा नंबरच्या मुलीपासून सुरुवात, कॅप्टनला शेवटी. कॅप्टन संयुक्ता एकदा म्हणाली, "सर, माझ्यापर्यंत येईपर्यंत नुसत्या बिया राहतात." सर म्हणाले, "तुला शिट्ट्या मिलतात, टाल्या मिलतात. बिया खा."

सरांचं वय पंचावन्नच्या पुढे गेलंय. घरी एकटेच असतात. लग्नाचं विचारलं की "राहून गेला" एवढंच सांगतात, जणू बाजारातून आणायची मेथी राहून गेली. सकाळी साडेसहाला मैदानावर येतात, सुट्टीच्या दिवशीही. सुट्टीत कुणीच येत नाही, तरी एक फेरी मारून, रिंगची जाळी ओढून बघून जातात. मी हे हसत हसत सगळ्यांना सांगत असे.

यंदा मात्र प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. सरांची नेमणूक दर वर्षीच्या करारावर. नव्या मॅनेजमेंटला ट्रॉफी हवी होती आणि डिप्लोमा केलेला एक तरुण कोच त्यांनी बघूनही ठेवला होता. अट सोपी होती. टीम फायनलला गेली तर घरत सर राहतील, नाही गेली तर करार संपला. केबिनमधून बाहेर येऊन सरांनी मला हे सांगितलं आणि लगेच विचारलं, "रुखसारच्या चष्म्याला इलास्टिक लावायचा होता, आनला काय?"

रुखसार म्हणजे यंदाची बारावी. तळोज्याहून येते. उंची पाच फूट, त्यातही बुटांचा वाटा मोठा. सराव एकही बुडवत नाही आणि बॉल एकदाही रिंगमध्ये जात नाही. सोप्या सामन्यांत सर तिला लवकर उतरवून मोकळे व्हायचे. पेणला झालेली सेमीफायनल सोपी नव्हती.

पहिल्या मिनिटापासून दोन्ही टीम एकमेकींच्या मानगुटीवर. चार मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो. सर वळले. "मॅडम, बारावी झाली काय?"

माझ्या वहीत अकरा नावांपुढे खूण होती. मी आयुष्यात पहिल्यांदा वहीत नसलेलं बोलायचं ठरवलं. म्हटलं, "झाली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकाच्या टोकाला बसलेल्या रुखसारकडे. तिचं जाकीट गळ्यापर्यंत बंद होतं.

"रुखसार, ऊठ."

"सर, आज नको ना. फायनलला उतरेन," ती म्हणाली. "मेरी वजह से सब जायेगा, सर."

"सर, ती स्वतः नको म्हणतेय," मी म्हटलं. "आणि तुम्हाला माहितीय ना, आज हरलो तर काय?"

"माहीत हाय ना," सर म्हणाले. "ऊठ गो."

रुखसार उतरली. समोरच्यांनी अर्ध्या मिनिटात ओळखलं की दार इथे उघडं आहे. त्यांच्या उंच मुलीनं तिच्या डोक्यावरून दोनदा बॉल टाकला आणि दोन्ही वेळा तो रिंगमध्ये गेला. पण रुखसार आडवी आडवी पळत राहिली. धडकली, पडली, चष्मा सावरून पुन्हा आडवी. मिनिट होऊन गेलं तरी सरांनी तिला बाहेर बोलावलं नाही. एकदा बॉल तिच्याकडे आला. तिनं तो रिंगच्या दिशेनं टाकला आणि तो बोर्डावरून थेट मागच्या बदामाच्या झाडाखाली गेला. आम्ही तीन गुणांनी हरलो. शिट्टी वाजल्यावर रुखसार सगळ्या जणींची माफी मागत रडत होती, आणि सर तिच्या समोर उभे राहून, ती पाय बरोबर कसे टाकत होती ते सांगत होते.

परतीच्या बसमध्ये मी सरांशेजारी बसले आणि मला राग आवरला नाही. "सर, एका मुलीच्या चार मिनिटांसाठी तुम्ही नोकरी घालवलीत. काय मिळालं तुम्हाला?"

सर माझ्याकडे वळले.

"तुमी मला तो फॉर्म आनून दिलात ना, मॅडम. बरा वाटला होता. कोनी तरी आपला विचार केला म्हनून मी काय बोललो नाय. माजी ती बारावी नाय हो राहिली. मी सा वर्सं टीममदी होतो. सायी वर्सं बारावा. एक मिनिट पन उतरलो नाय."

मराठी शिकवणाऱ्या बाईला स्टाफरूममधल्या त्या वाक्यातली बारावी कुठली हे कळायला इतकी वर्षं लागली, याची लाज वाटली.

"एकदा आय आली होती बगायला," सर म्हणाले. "पनवेलच्या बाजारात मासली इकून, टोपली घेऊन, सरल मैदानावर. मी तिला घरी सांगितला होता, मी लय खेलतो म्हनून. ती शेवटपर्यंत बसली. मी पन बसलो. घरी जाताना वाटेत थांबली आनि माजा तोंड पदरानं पुसायला गेली. मंग म्हनली, 'घामच नाय आला रं तुला.' दुसरा काय नाय बोलली. परत कदी आली पन नाय."

बस पळस्प्याच्या पुढे आली होती. मुली रडून, वडापाव खाऊन एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या. सर उठले, हेलकावे खात पुढे गेले आणि रुखसारच्या बाजूची खिडकी दोन्ही हातांनी ओढून बंद केली.

जागेवर येऊन बसता बसता म्हणाले, "घामानं भिजलीय पोर. वारा लागंल."