कुणाचाच नसलेला बैल

ओतेंगच्या पशुवैद्यकीय कचेरीवर नवी पाटी चढली आणि त्याच सकाळी गाव भांडायला दारात. वरून हुकूम आला होता, की खात्याचं नवं बोधचिन्ह प्रत्येक दारावर हवं आणि त्यातला बैल कुणा एकाचा वाटता कामा नये. पण सोबतच्या नमुन्यात झेरॉक्सच्या कृपेने बैलाच्या जागी नुसता डाग! रंगारी काबेलोने तरी काय करावं? समोर मोत्सुमी मामांचा बैल चरत होता, त्यालाच रंगवून बिचारा मोकळा झाला.

"वा! म्हणजे सरकारी लस आता मोत्सुमीच्याच गुरांना का?" दिकेलेदी काकी कडाडल्या.

"काकी, नुसतं चित्र आहे हो ते!" ओतेंग म्हणाला.

"कपाळावरची चांदणी ओळखत नाही का मी?"

इथली माणसं एक वेळ शेजाऱ्याचं नाव विसरतील, त्याचा बैल नाही. ओतेंगला घाम फुटला. दुपारी राजधानीहून, गाबोरोनेहून, तपासणीला बाई येणार होत्या. पाटी नापास झाली तर बदली थेट वाळवंटात, आणि इकडे बायकोचे दिवस भरलेले.

"पुस रे ती चांदणी!"

चांदणी गेली. "अरे, हा तर माझ्या मेव्हण्याचा!" कुणीतरी ओरडलं. शिंग वाकवलं, तर, "हा मी गेल्या साली विकला तो!"

शेवटी वैतागून ओतेंगनेच ब्रश हिसकावला. अंगभर मातकट ठिपके, एक शिंग खाली, डावा कान फाटका. गावाने जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

"नाही बुवा," काकी म्हणाल्या. "असलं ध्यान इथं कुणाकडेच नाही."

ओतेंगच्या जिवात जीव आला, तोच गाडी थांबली. बाई उतरल्या, नियमांचं जाडजूड पुस्तक उघडून त्यांनी वर पाहिलं आणि जागीच थबकल्या.

"हा कुठे सापडला तुम्हाला?"

"कोण, बाई?"

"आमचा बैल! दुष्काळात हरवला होता. बाबा जाईपर्यंत रोज कुंपणापाशी उभे राहून त्याची वाट बघायचे हो." बाईंचे डोळे भरून आले.

"बघा!" काकी पुटपुटल्या. "कुणाचाच नसलेला बैल असतो होय कुठे?"

ओतेंगने घाईघाईने फडकं उचललं. "पुसून टाकू, बाई?"

"खबरदार!"

"मग... माझी बदली?"

"इथून कुणी हलायचं नाही. बैलानेही नाही आणि तुम्हीही नाही. तो ब्रश द्या इकडे. कान याहून जास्त फाटका होता."

आणि हात पोचेना, तेव्हा बाईंनी नियमांचं पुस्तक पायाखाली घेतलं.