तळपेठेने पाण्यास मुक्काम दिला, ती हकीकत

श्री. प्रथम मेघराजास दंडवत, मग भूमीस, जी त्याचे सर्व निमूट ऐकून घेते, आणि मग वाचणारांस. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, श्रावण वद्य पंचमीस तळपेठेत पाणी शिरले, तेथपासून तळे जाहले तेथपर्यंत जे वर्तमान डोळां पाहिले ते लिहितो. राज्य कोणते, शहर कोणते, हे लिहिण्याचे प्रयोजन नाही. लिहिणार पेठेतलाच आहे, सबब पक्षपात होईल. तो सोसून घ्यावा.

पेठेची रचना ऐसी. वरच्या अंगास टेकडीपुरा, तेथील अंगणे पूर्वी मातीची होती ती काँक्रीटची जाहली, आणि मग तिकडचा पाऊस जिरण्याचे सोडून आमच्यावर चालून येऊ लागला. नगरकचेरीने बंदोबस्तास म्हणून रस्ता उंच केला, आणि मग घरे खाली गेली, आणि मग घरवाल्यांनी आपापले ओटे उंच केले. ओटायुद्ध म्हणतात ते हेच. या घराने वीतभर चढविला तर त्या घराने हातभर, आणि ज्याने चढविला त्याने मिशीस पीळ दिला, आणि पाणी कोणाशीच न भांडता पुढच्याच्या दारी गेले. ऐसे युद्ध दहा वर्षे चालिले आणि प्रत्येक जण आपणच जिंकलो म्हणत राहिला.

पेठेच्या सखल टोकास दोन घरे, मध्ये एक भिंत. अलीकडे द्वारकाबाई तांबट, वय बासष्ट, जबान तिखट, पेठेत त्यांच्या शब्दाबाहेर कुत्रेही जात नसे. पलीकडे हौसाबाई बुरूड, सुपे-टोपल्या विणणाऱ्या, बोलणे कमी आणि हसणे फार. दोघी एकाच वर्षी सुना होऊन पेठेत आल्या, आणि चाळीस वर्षे भिंतीआडून बोलत राहिल्या, आणि आमटीची वाटी इकडून तिकडे व तिकडून इकडे जात राहिली, आणि भांडणेही पुष्कळ जाहली, परंतु एकही दिवेलागणीपर्यंत टिकले नाही. मग त्या साली वैशाखात द्वारकाबाईंनी ओटा दीड हात चढविला. मनात कपट नव्हते. सर्वांनी चढविला म्हणून यांनीही चढविला. श्रावणात पाणी आले ते त्या ओट्याशी थडकले, आणि वळले, आणि हौसाबाईंच्या घरात छातीइतके भरले. विणून ठेविलेली सुपे तरंगत चौकापर्यंत गेली. पाणी ओसरल्यावर हौसाबाईंचे चिरंजीव आले आणि आईस टेकडीपुऱ्यात चौथ्या मजल्यावर घेऊन गेले. जाताना हौसाबाई लागेलसा एक शब्द बोलिल्या नाहीत. दारास कुलूप घातले आणि "बरं, येते," इतकेच म्हणाल्या. द्वारकाबाईंस तेच फार लागले. शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांस जेवण तरी गोड लागले असते.

मग द्वारकाबाईंनी चौकात उभे राहून सर्वांदेखत सांगितले की, "हे पाणी मी पेठेतून घालवीन आणि हौसेला परत आणीन. नाही आणली तर नाव सांगणार नाही." हे वर्तमान नगरकचेरीस कळले, आणि तेथून एक अभियंते साहेब कागदाची गुंडाळी घेऊन दाखल जाहले. त्यांची मसलत ही की, मोठे काँक्रीटचे गटार करावे आणि चार पंप बसवावे. द्वारकाबाईंनी पुसिले, "साहेब, पावसात कधी आलाय का इथं?" साहेब म्हणाले, "पावसात इथं गाडी येत नाही." तेव्हा सर्व पेठ हसली, आणि साहेब भले गृहस्थ, तेही हसले, आणि गुंडाळी पुन्हा गुंडाळून म्हणाले, "मग तुम्हीच दाखवा पाणी कुठून कुठं जातं."

ते दाखविले ते येणेप्रमाणे. पुढील आषाढात, पाऊस कोसळत असता, प्रत्येक घराने आपापल्या दारच्या पाण्यात आपली खूण सोडिली. रज्जाकमियाँ गादीवाले यांनी कापूस सोडिला, गिरणीवाल्यांनी कोंडा, शिंपिणीने रंगीत चिंध्या, द्वारकाबाईंनी झेंडूची फुले. मग सारी पेठ छत्र्या घेऊन आपापल्या खुणेमागे निघाली, जैसे वऱ्हाड निघते, आणि गल्ल्यागल्ल्यांतून वळत वळत सर्व एकाच ठिकाणी येऊन भिडले. हौसाबाईंच्या कुलूप घातलेल्या दाराशी कापूस, कोंडा, चिंध्या आणि झेंडू यांचा ढीग जाहला होता. कोणी कोणाकडे पाहीना. रज्जाकमियाँ हळूच म्हणाले, "बाई, आपण सगळ्यांनी मिळून एकाच दारात ओतलंय की हो." द्वारकाबाई आपली फुले उचलू लागल्या, आणि त्यांचे डोळे पावसानेच ओले होते ऐसे आम्ही सर्वांनी मानिले.

दुसरे दिवशी त्यांनी पहार घेऊन प्रथम आपला ओटा फोडिला. ते पाहून मग सर्वांनी फोडिले, कोणी खुशीने, कोणी बायकोच्या धाकाने. दारापुढील पेव्हर ब्लॉक उपटिले, प्रत्येक घराने दोन हात रुंद पट्टी सोडिली, तीत चर खणून दगड-वाळू भरिली आणि वर वाळा आणि कर्दळ लाविली. छपरांचे पाणी शोषखड्ड्यांत उतरविले. अभियंते साहेब उतार मोजून देत आणि चिखलात पाय घसरून पडत, आणि पेठ त्यांस उचलून चहा पाजी. परंतु हिशेबाअंती साहेबांनी सांगितले की, साधा पाऊस यात जिरेल, श्रावणातला मोठा जिरणार नाही, त्यास बसावयास सखल जागा पाहिजे. ती जागा कोणती, हे सर्वांस ठाऊक होते. आषाढात झेंडू जेथे येऊन थांबला, तीच ती.

कार्तिकात चौकात सर्व पेठेचा नकाशा रांगोळीने मांडिला. हिरवे चर, तपकिरी खड्डे, निळे पाणी. द्वारकाबाईंनी निरोप धाडिला, "ओटा फोडला. येऊन बघ." आणि हौसाबाई रिक्षाने आल्या, आणि द्वारकाबाईंनी त्यांचा हात धरिला तो सोडीनात. हौसाबाईंनी नकाशा पाहून पुसिले, "हे निळं म्हणजे पाणी ना? एवढुसं? अगं, छातीला लागलंय ते माझ्या. एवढ्यात मावतं होय?" मग एका चौकोनावर बोट ठेविले. "आणि हे कोरं का?"

"ते तुझं घर. तू येशील ना, म्हणून ठेवलंय."

हौसाबाई खाली बसल्या, आणि निळ्या रांगोळीचे पात्र ओढून तो चौकोन भरू लागल्या. द्वारकाबाईंनी मनगट पकडिले. "नको गं हौसे. हे सगळं तू यावीस म्हणून केलंय मी."

"ठाऊक आहे."

"पाणी माझ्या ओट्यानं वळवलं तुझ्याकडं."

"तेही ठाऊक आहे. त्याच दिवशी कळलं."

"मग भांडली का नाहीस?"

"भांडले असते तर रडले असते. आधीच छातीभर पाण्यात उभी होते, आणखी कुठं रडू?"

"माझ्याकडं राहा. अर्धं घर तुझं."

"एका घरात? चार दिवसांत झिंज्या धरू एकमेकींच्या. शेजारीण होते तेच बरं होतं." ऐसे बोलून त्यांनी उरलेला चौकोन भरिला. मनगट द्वारकाबाईंच्या पकडीत होते, सबब निळा रंग रेघेबाहेर पुष्कळ सांडला.

माघात हौसाबाईंचे घर उतरविले आणि त्या जागी तळे खोदिले. विटा पेठेने आपल्या हातांनी काढिल्या आणि त्यांचीच तळ्याची पायरी बांधिली. द्वारकाबाई पहिले दिवशी घरातून बाहेर आल्या नाहीत. दुसरे दिवशी आल्या आणि संध्याकाळपर्यंत घमेली वाहिली. मग शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावणात तीन दिवस पाऊस पडला. पाणी टेकडीवरून आले, चरांतून आणि वाळ्यांतून मंद जाहले, आणि उरले ते तळ्यात जाऊन बसले. एकाही उंबरठ्यास ते लागले नाही. पेठेत भजी तळिली, साहेबांस बोलाविणे गेले, आणि ते आपल्या गाडीने आले. इतक्यात द्वारकाबाईंचा मोबाईल वाजला. आम्ही जवळच होतो.

"द्वारके, पाणी आलं का गं?"

"आलं."

"कुठवर?"

"तुझ्या चुलीपाशी बसलंय."

मग हौसाबाई म्हणाल्या, "बसू दे बाई. आता त्याचंच घर ते." आणि दोघी फोन कानास लावून तशाच राहिल्या, बोलिले कोणीच नाही, आणि ठेविलाही कोणी नाही.

एकंदर वर्तमान हे की, तळपेठेने ओटे उतरविले, मातीस मोकळे केले, आणि पाण्यास मुक्काम दिला, आणि बेचाळीस घरे कोरडी राहिली. पेठ वाचली हे खरे. जिने परत यावे म्हणून वाचविली, तिला यावयास घर उरले नाही, हेही खरे. याउपर लिहिणारास लिहवत नाही.